ढाबळ कोरडी, पाणी ताजं: रेसची कबुतरं नव्यानं पाळणाऱ्यांसाठी

लक्का किंवा लोटन अशी शोभेची कबुतरं पाळणाऱ्याला आपलं कबुतर आजारी पडलेलं लगेच दिसतं. रेसच्या होमरचं, म्हणजे लांबून सोडलं तरी घरी परतणाऱ्या कबुतराचं, तसं नसतं. पोटात थोडे जंत आणि घशात थोडा कँकर (घशाचा परजीवी रोग) असलेलं होमर घरच्या छपरावर झकास फिरतं, दाणा खातं, मादीपुढं मान फुगवून घुमतं. मग एका रविवारी तुम्ही ते 300 किलोमीटरवरून सोडता आणि ते येतच नाही. आपण ससाण्याला दोष देतो, वाऱ्याला देतो, ज्यानं पक्षी विकला त्याला देतो. माझ्या पहिल्या हंगामात 11 पैकी 7 कबुतरं अशी गेली. उरलेल्या चौघांची शीट तपासून घेतली, तर चौघांच्याही पोटात कॉक्सिडिया नावाचे परजीवी आणि दोघांच्या पोटात जंत. घरी बसून चौघंही ठणठणीत दिसत होती.

साधारण 400 ग्रॅम वजनाचा हा जीव चार-पाच तास न थांबता पंख मारतो. घरी ज्याचं काही वाटत नाही तेवढं दुखणंही त्याला वाटेत खाली बसवतं. म्हणून आजार झाल्यावर औषध शोधण्यापेक्षा तो ढाबळीत (कबुतरांच्या खुराड्यात) शिरूच नये यासाठी काय करायचं, ते क्रमानं सांगतो. एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात ठेवा. प्रत्येक किड्याला अंड्यापासून त्रास देण्याच्या अवस्थेपर्यंत पोचायला ठरावीक दिवस लागतात. कुणाला दोन दिवस, कुणाला आठवडा, कुणाला तीन आठवडे. तुमचं खुरपं आणि झाडू त्या मुदतीच्या आत फिरला की निम्म्याहून जास्त काम झालं. पुढच्या बहुतेक पायऱ्या म्हणजे हाच हिशेब आहे.

पायरी 1: ढाबळ कोरडी ठेवा

जागा निवडताना सकाळचं ऊन आत येईल अशी निवडा. तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला असलं तर उत्तम. गच्चीवर पत्र्याची ढाबळ असेल तर पश्चिमेच्या बाजूनं पावसाचा मारा येतो, तिकडं फळी किंवा जाड प्लास्टिक लावा, पण वरची हवा जायची फट बुजवू नका. जमिनीपासून हातभर उंचीवर फळ्यांचा किंवा जाळीचा तळ करता आला तर जरूर करा. शीट खाली पडते, पक्ष्याच्या पायाला लागत नाही.

कोरडेपणाचा एवढा आग्रह कॉक्सिडियामुळे. हा आतड्यातला एकपेशीय जीव शीटेवाटे बाहेर पडतो तेव्हा निरुपद्रवी असतो. ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत तो दुसऱ्या कबुतराला लागण करण्याजोगा होतो. रोज सकाळी शीट खरवडून काढली तर त्याला ती संधीच मिळत नाही. थोडेफार कॉक्सिडिया बहुतेक प्रौढ कबुतरांत असतातच, त्यांचं काही बिघडत नाही. ताण आला, गर्दी झाली, पाऊस लागला की मात्र संख्या वाढते. नुकतं दाणा टिपायला लागलेलं पिल्लू पिसं फुलवून बसतं, हिरवट पातळ हगतं, हातात घेतलं तर छातीचं मधलं हाड सुरीसारखं लागतं.

नवे लोक हौसेनं पाइप लावून ढाबळ धुतात. माझ्या मते ढाबळीचं सगळ्यात जास्त नुकसान याच सवयीनं होतं. फिनेल आणि ब्लीचिंग पावडरनं वास जातो, पण कॉक्सिडियाचं कवच त्याला दाद देत नाही. ते मरतं कोरडेपणानं आणि उष्णतेनं. पत्र्याचं खुरपं घ्या, फळ्या आणि तळ खरवडा, झाडून काढा, वर कोरडा चुना भुरभुरा आणि तो झटकून मगच पक्षी आत सोडा. धुवायचंच असेल तर एप्रिल-मेच्या कडक उन्हात, सगळी कबुतरं बाहेर काढून, संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळेल अशा बेतानं. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर पाण्याचा थेंबही तळावर पडू देऊ नका. तिथं पावसाळ्यात तळावर लाकडाचा कोरडा भुसा पसरून तो दोन दिवसांनी बदलणं सोयीचं पडतं.

गर्दीचं माप काय? घनफुटांची गणितं मांडणारे पुष्कळ भेटतील. मी एवढंच बघतो: रात्री सगळी कबुतरं बसल्यावर चार-पाच बसण्या रिकाम्या राहिल्या पाहिजेत. रिकाम्या नसतील तर पक्षी कमी करा. नव्या माणसाला हे जड जातं, कारण प्रत्येक पिल्लू ठेवावंसं वाटतं.

बाहेरचे पारवे, चिमण्या आणि कावळे आत येणार नाहीत अशी बारीक जाळी लावा. उंदीर-घुशींचा बंदोबस्त तर पहिल्याच दिवशी. उंदराच्या लेंड्यांतून साल्मोनेला नावाचा जिवाणू येतो. पंखाचा सांधा सुजणं, पक्षी एका पायावर लंगडणं, हिरवी चिकट शीट, धडधाकट दिसणारं पिल्लू आठवड्याभरात वाळून जाणं, ही त्याची लक्षणं. बरी झालेली कबुतरं पुढं महिनोन्महिने तो रोग शीटेतून टाकत राहतात. म्हणून दाणा पत्र्याच्या झाकणबंद डब्यात ठेवा, गोणीत नको. पावसाळ्यात मका घेताना मूठभर दाणे हातात कोंडून वास घ्या. कुबट वास आला तर दुकानदार कितीही स्वस्त देवो, घेऊ नका. बुरशीचं विष यकृत खातं आणि त्यावर उतारा नाही.

पायरी 2: पाण्याचं भांडं

कँकर हा कबुतरांचा सगळ्यात जुना सोबती. ट्रायकोमोनास नावाचा सूक्ष्म जीव तोंडात, घशात आणि दाण्याच्या पिशवीत राहतो. आईबाप पिल्लाला पहिले काही दिवस जे पिशवीतलं दूध भरवतात, त्यातून तो पिल्लात जातो. मोठ्यांत तो पसरतो पाण्याच्या भांड्यातून. कोरड्यात तो लगेच मरतो, पण ओल्या भांड्यात एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातो.

तपासायचं कसं ते एकदा हातानं करून बघा. सकाळी, दाणा घालायच्या आधी, कबुतर डाव्या हातात धरा. पाय दोन बोटांमध्ये, अंगठा पाठीवर. उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि तर्जनीनं चोच उघडा आणि तोंड उन्हाकडे करा. निरोगी घसा गुलाबी असतो, ओलसर पण तार न धरणारा. टाळूच्या कडेची झालर नीट दातेरी दिसते. जीभ आणि टाळू यांच्यामध्ये लाळेचे धागे ताणले जात असतील, घसा लालभडक असेल किंवा आत पिवळसर, पनीरच्या कणासारखा ठिपका असेल, तर कँकर आहे. नाक जवळ न्या. आंबूस, कुजकट वास येतो, आणि तो एकदा आला की पुन्हा विसरत नाही. तो पिवळा थर काडीनं खरवडू नका, खालून रक्त येतं आणि पक्षी गुदमरतो.

रोखण्याचे उपाय साधे आहेत. पाणी दिवसातून दोनदा बदला. दोन भांडी ठेवा, म्हणजे एक घासून उन्हात उलटं वाळत असेल आणि दुसरं वापरात असेल. शीट पडणार नाही असं झाकणाचं भांडं घ्या. आठवड्यातून एक-दोनदा लिटरला 5 मिलि सफरचंदाचा शिरका घालणारे बरेच जण आहेत, मीही घालतो. फक्त पत्र्याच्या भांड्यात घालू नका, आंबट पाण्यानं जस्त सुटतं.

औषधाच्या बाबतीत सगळीकडे एकच सल्ला मिळेल: दर महिन्याला मेट्रोनिडॅझोल किंवा रोनिडॅझोलचा कोर्स मारून टाका. मी याच्या विरुद्ध आहे. अर्धवट डोस, दोन दिवसांचे कोर्स आणि अंदाजानं घातलेल्या पुड्या यांतूनच औषधाला दाद न देणारा कँकर तयार होतो. जोड्या लावण्याआधी आणि हंगामाच्या तोंडावर घशातला द्राव सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या आणि पशुवैद्यानं सांगितलं तरच पूर्ण कोर्स द्या. द्राव ताजाच लागतो, वाळला की त्यात काही दिसत नाही, म्हणून कबुतरच दवाखान्यात घेऊन जा.

पाण्यातून औषध देताना आणखी एक चूक नेहमी होते. एक कबुतर दिवसाला साधारण 30 ते 60 मिलि पाणी पितं. विदर्भातल्या मे महिन्यात ते याहून कितीतरी जास्त पितं आणि महाबळेश्वरच्या पावसात खूपच कमी. म्हणजे तेच प्रमाण एका ठिकाणी जास्त होतं, दुसऱ्या ठिकाणी अपुरं. त्यात मेट्रोनिडॅझोल कडू, त्यामुळं पक्षी पाणीच टाळतात. कोर्स चालू असताना दुसरं कुठलंही पाणी, छपरावरचं साचलेलं सुद्धा, त्यांना मिळता कामा नये. आणि डॉक्सिसायक्लिनसारखं औषध चालू असेल तर तेवढे दिवस ग्रिटचं (शिंपल्या-खड्यांच्या चुऱ्याचं) भांडं उचलून ठेवा, कारण शिंपल्यातलं कॅल्शियम ते औषध बांधून टाकतं.

पायरी 3: नवा पक्षी महिनाभर वेगळा

ही पायरी मी स्वतः मोडली होती. आठवडी बाजारातून एक सुरेख निळी पट्टेरी मादी आणली, "निरोगी आहे, हात लावून बघा" म्हणत विकणाऱ्यानं हातात दिली. मी तिला त्याच संध्याकाळी इतरांत सोडली. बाराव्या दिवशी तिची मान वळायला लागली. महिन्याभरात ढाबळीतली निम्मी कबुतरं पाण्यासारखं हगत होती.

आता नवा पक्षी कितीही ओळखीच्या माणसाकडून आला तरी 30 दिवस वेगळ्या पिंजऱ्यात, ढाबळीवरून वारा जिकडे जातो त्या बाजूला, वेगळ्या भांड्यांत. त्याचं काम सगळ्यात शेवटी करायचं आणि मग हात धुवायचे. या काळात शीट तपासून घ्यायची, उवांसाठी पावडर लावायची, लस टोचायची. पायात नंबरची कडी असलेलं दुसऱ्याचं चुकलेलं कबुतर तुमच्या छत्रीवर (कबुतरं उतरायच्या मचाणावर) उतरलं तर त्यालाही हाच नियम. त्याला पाणी-दाणा द्या, कडीवरचा नंबर वाचून मालकाचा शोध घ्या, पण आपल्यांत मिसळू देऊ नका.

पायरी 4: रोज सकाळी शीट बघा

खुरपं मारण्याआधी दोन मिनिटं प्रत्येक बसणीखाली बघा. कोणतं कबुतर कुठं बसतं ते ठरलेलं असतं, म्हणून कुणाचं काय चाललंय ते कळतं. चांगली शीट म्हणजे घट्ट तपकिरी गोळी, वर पांढरी टोपी, आणि बऱ्याचदा त्याला चिकटलेलं एखादं बारीक मऊ पीस. जमिनीवर अशी मऊ पिसं पडत असली की जाणते लोक खूश असतात.

अंड्यांवर बसलेली मादी सकाळी उठून एकदम मोठा, घाण वासाचा ढीग घालते. तिनं रात्रभर धरून ठेवलेलं असतं, घाबरू नका. लांबून उडून आलेल्याची शीट पहिल्या दिवशी पातळ असते, तेही चालतं. हिरवी आणि शेवाळ्यासारखी चिकट, किंवा स्वच्छ पाण्याच्या डबक्यात तरंगणारे धागे, किंवा रक्ताची छटा दिसली तर मात्र तो पक्षी वेगळा काढा. ताजी शीट स्वच्छ डबीत भरून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. मुंबईकरांना परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, साताऱ्याकडच्यांना शिरवळचं. पुण्यात औंधला राज्याची रोग अन्वेषण शाळा आहे. कोंबड्या तपासणारा डॉक्टर कबुतराची शीटही वाचू शकतो. "कबुतरं कोण बघणार" असं म्हणून औषधाच्या दुकानात जाऊ नका.

पायरी 5: पिसांतले आणि फटींतले किडे

यांचे तीन प्रकार ओळखायला शिका, कारण तिघांचा पत्ता वेगळा आहे.

उवा पक्ष्याच्या अंगावरच जन्मतात आणि तिथंच मरतात. पंख उघडून उन्हासमोर धरा. पिसाच्या दांड्याच्या बाजूनं, तंतूंच्या मध्ये, बारीक काळपट काड्या बसलेल्या दिसतील, बोट लावलं की सरकतात. जास्त झाल्या की पिसांना टाचणीनं टोचल्यासारखी भोकं दिसतात. त्यांचा इलाज अंघोळ आणि पावडर. आठवड्यातून एकदा, ऊन असेल त्या सकाळी, पसरट घमेल्यात चार बोटं पाणी ठेवा. कबुतरं आपणहून उतरतात. झाली की पाणी लगेच फेका, ते कुणी पिऊ नये. कडुनिंबाचा पाला उकळून पाण्यात घालायला हरकत नाही, पण उवा भरपूर असतील तर नुसत्या पाल्यावर विसंबू नका. पक्ष्यांसाठी मिळणारी परमेथ्रीनची पावडर पंखाखाली, शेपटीच्या मुळाशी आणि मानेवर बोटांनी चोळा, डोळे-चोच वाचवून. दोन आठवड्यांनी पुन्हा, कारण लिखा पहिल्या वेळी मरत नाहीत. शेतीच्या दुकानातलं कपाशीवर मारायचं औषध पातळ करून वापरणारे महाभाग आहेत. एका सकाळी सगळी ढाबळ आडवी दिसायची असेल तरच तसं करा.

लाल माइट दिवसा पक्ष्यावर सापडतच नाही. ती बसणीच्या सांध्यात, खिळ्यांच्या भोकांत, फळीच्या मागं लपते आणि रात्री रक्त प्यायला निघते. संशय आला तर रात्री बसणीखाली पांढरं फडकं पसरा आणि दोन तासांनी बॅटरी घेऊन जा. फडक्यावर मिरपूड सांडल्यासारखे ठिपके असतील आणि ते चालत असतील. बोटानं चिरडला तर रक्ताचा डाग. दिवसा फटींच्या कडेला राखाडी भुकटी दिसते, तीही त्यांचीच खूण. उन्हाळ्यात हिची एक पिढी सात ते दहा दिवसांत पुरी होते. म्हणून एकदा फवारून थांबलात तर काही उपयोग नाही, सहाव्या-सातव्या दिवशी दुसरा हात मारलाच पाहिजे. उपाशीही ती महिनोन्महिने जगते, तेव्हा रिकामी पडलेली जुनी ढाबळ फुकटात मिळाली तरी आधी फटी भाजून काढा किंवा दाट चुन्यानं भरा. मी बसण्या सुट्या करता येतील अशा बनवल्यात. महिन्यातून एकदा काढतो, सांध्यांना रॉकेलचा ब्रश मारतो आणि दिवसभर उन्हात टाकतो.

तिसरी कबुतरमाशी. तपकिरी, चपटी, चिवट. कबुतर हातात घेतलं की पिसांतून खेकड्यासारखी तिरपी पळते आणि उडून थेट तुमच्या शर्टात शिरते. ती नुसती चावत नाही. हिमोप्रोटियस नावाचा रक्तातला परजीवी तीच पसरवते, आपण त्याला कबुतराचा मलेरिया म्हणतो. डास नव्हे, ही माशी. त्यानं पक्षी लगेच मरत नाही, पण रक्त पातळ होतं आणि दम टिकत नाही.

हिची गंमत अशी की ती अंडी घालत नाही. एका वेळी एक वाढलेली अळी टाकते, आणि ती अळी लगेच काळ्या चकचकीत बीसारखा कोष करते. कोष पडतो घरट्याच्या भांड्याखालच्या धुळीत. त्यातून माशी बाहेर यायला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. आता जोडीचा हिशेब बघा. अंडी उबायला 18 दिवस, पिल्लाच्या पायात कडी घालायला आणखी 7-8 दिवस, म्हणजे 25-26 दिवस. तोवर घरट्याला हात लावला नाही तर सुरुवातीला पडलेल्या कोषांतून माश्या निघून पिल्लांवर बसलेल्या असतात. म्हणून भांड्याखालची धूळ दर आठवड्याला झाडा, पिल्लं चार-पाच दिवसांची झाली की काडीकचरा बदला आणि काढलेलं सगळं जाळा. कचऱ्याच्या डब्यात टाकलंत तर कोष तिथं फुटतात. घरट्यासाठी तंबाखूच्या वाळल्या काड्या देण्याची युरोपातल्या कबुतरवाल्यांची जुनी रीत आहे, उवा-माश्या कमी होतात म्हणून. निपाणी पट्ट्यातल्या मित्राला सांगितलंत तर पोतंभर काड्या सहज मिळतील.

पायरी 6: जंत

कबुतराच्या आतड्यातले गोल जंत पांढरे, बोटाच्या एक-दोन पेरांएवढे. शीटेत एखादा पडला तर कळतो, पण केसासारखे बारीक जंत डोळ्यांना दिसतच नाहीत, आणि तेच जास्त पोखरतात. गोल जंताच्या अंड्याला ओल्या जागी लागण करण्याजोगं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. पहिली पायरी पाळली असेल तर इथं निम्मं काम आपोआप झालेलं असतं. पट्टकृमी मात्र मुंग्या, भुंगेरे, गोगलगायींतून येतात, म्हणून पावसाळ्यात कबुतरांना अंगणात चरायला सोडू नका.

औषध वर्षातून दोनदा पुरे, तेही तपासणीत अंडी दिसली तर. एकदा जोड्या लावण्याआधी, एकदा रेसआधी महिनाभर. घरात शेळ्या असतील तर शेळ्यांच्या जंतांची बाटलीही असते, आणि नेमकं तेच कबुतराला पाजलं जातं. फेनबेंडाझोल आणि अल्बेंडाझोल कबुतराला विषासारखं लागू शकतं. हाडांतल्या मगजात रक्त बनायचं थांबतं आणि पिसं झडत असताना दिलं तर नवी पिसं वाकडीतिकडी येतात. लेव्हामिसोल चालतं, पण त्यानं कबुतरं ओकतात, म्हणून पिशवी रिकामी असताना द्यावं आणि दोन-तीन तासांनी दाणा घालावा. कुठलंही असो, पिसं टाकायच्या दिवसांत आणि पिल्लं भरवत असताना नको. औषध दिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ढाबळ पूर्ण खरवडा, नाहीतर बाहेर पडलेली अंडी पुन्हा पोटात जातात.

पायरी 7: लस

कोंबड्यांच्या राणीखेतला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. कबुतरांत येतो तो त्याच विषाणूचा भाऊबंद. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तो युरोपभर पसरला. ब्रिटनमध्ये रेसच्या कबुतरांना त्याची लस कायद्यानंच बंधनकारक आहे. हिंदी-उर्दू बोलणारे कबुतरबाज याला झोला म्हणतात. आधी पाण्यासारखी शीट, मग मान फिरते, दाणा टिपताना चोच बाजूला पडते, पक्षी मागं मागं चालतो. औषध नाही. पण पुष्कळ पक्षी वाचतात, फक्त त्यांना खोल भांड्यात दाणा ठेवावा लागतो, कारण सपाट जमिनीवरचा दाणा त्यांना टिपता येत नाही. घाई करून पक्षी मारून टाकू नका, कित्येक आठवड्यांनी सुधारणारे मी पाहिलेत.

लस दोन प्रकारची मिळते. डोळ्यात थेंब घालायची लासोटा स्वस्त आणि सोपी, पण कबुतरात तिचं बळ कमी आणि थोडे दिवसच टिकतं. मेलेल्या विषाणूची, तेलातली लस मानेच्या मागं खालच्या बाजूला कातडीखाली टोचतात, ती जास्त भरवशाची. पहिल्यांदा पशुवैद्याकडूनच टोचून घ्या. मानेच्या मधोमध रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, तिथं सुई गेली तर पक्षी हातातच जातो. लस टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून पहिल्या रेसआधी सहा आठवडे हे काम उरका. बाटलीत कोंबड्यांच्या हिशेबानं शंभर किंवा जास्त डोस असतात, तेव्हा चार-पाच कबुतरवाल्यांनी एकाच दिवशी एकच बाटली वाटून घ्यावी. दुकानापासून घरापर्यंत बर्फात आणा. कालवलेली लासोटा दोन तासांत संपवा, उरलेली उद्यासाठी ठेवू नका.

देवी डासांमुळे येतात, पावसाळा सरताना. डोळ्याभोवती, चोचीच्या मुळाशी, पायांवर खपल्या धरतात. तीन-चार आठवड्यांत आपोआप गळतात, सोलू नका. गळलेल्या खपल्या वेचून जाळा. ढाबळीला मच्छरदाणीची जाळी आणि आसपास पाणी साचू न देणं, हाच खरा बंदोबस्त.

पायरी 8: टोपलीतून आलेला पक्षी

टॉस (सरावाचं उड्डाण) आणि रेसच्या टोपलीत तुमचं कबुतर दहा ढाबळींतल्या पक्ष्यांसोबत एक रात्र एकाच पन्हाळीतून पाणी पितं. तुमची शिस्त तिथं संपते. म्हणून परत आल्यापासून आठवडाभराने, दहा दिवसांच्या आत, त्याचा घसा पुन्हा उन्हात धरून बघा. एक डोळा ओलावलेला, चोचीवरचा पांढरा फुगवटा करडा पडलेला, शिंका, तोंड उघडं टाकून श्वास, यांतलं काही दिसलं तर तो रविवार त्याला घरी ठेवा. श्वासाच्या आजारांचं मूळ अनेकदा ढाबळीच्या हवेतच असतं. पहाटे दार उघडून कबुतरांच्या उंचीला खाली बसा आणि दोन मिनिटं श्वास घ्या. तुमचे डोळे चुरचुरले तर वरची फट वाढवायला हवी.

पायरी 9: स्वतःची छाती

2025 मध्ये आरोग्याच्या कारणावरून दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून मुंबईत जे रण माजलं, त्यात आपण रेसवाल्यांनी "आमची कबुतरं वेगळी" म्हणून हात झटकू नयेत. पिसांची पांढरी धूळ आणि वाळलेली शीट वर्षानुवर्षं नाकात गेली की काहींच्या फुप्फुसांना सूज येते आणि ती कायमची राहू शकते. खरवडताना एन-95 मास्क लावा. रोज, फक्त साफसफाईच्या मोठ्या दिवशी नव्हे. ढाबळीचे कपडे वेगळे ठेवा. घरात दम्याचं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर ते कपडे खोलीत आणू नका. खोकला रेंगाळला तर डॉक्टरनं विचारायची वाट न बघता त्याला सांगा की घरी कबुतरं आहेत.

इतकं करूनही एखादी सकाळ अशी येते की बसणीखाली एक पक्षी ताठ पडलेला असतो. तो पुरायची घाई करू नका. हातमोजे घालून दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधा, थर्मासच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी शवविच्छेदनाला न्या. फ्रीजरमध्ये गोठवू नका, गोठलं की आतले अवयव तपासायला निरुपयोगी होतात. सोबत एका चिठ्ठीवर लिहून द्या: वय, कधीपासून सुस्त होता, शीट कशी होती, शेवटची लस कधी, गेल्या महिन्यात ढाबळीत नवा कोण आला.